शंभर दिवसांची मजुरी

क्षमा शिकवताना येशू पैशाची गोष्ट सांगतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत थकलेले असतात आणि राजा ते सगळे सोडून देतो. बाहेर पडताच तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. ऊस तोडायला कारखान्यावर जाणाऱ्या नवराबायकोला मुकादमाची उचल ठाऊक असते आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर कशी चढते तेही.

प्रवचनात मोठा आकडा सगळे रंगवून सांगतात. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. तेव्हा चाकराचे कर्ज सहा कोटी रोजांचे झाले. लहान आकडा मात्र घाईने उरकला जातो. शंभर रोज! उसाच्या फडात शंभर दिवस म्हणजे निम्म्याहून अधिक हंगाम. थंडीतली पहाट, डोक्यावर मोळी, पाचटाने चिरलेले हात. एवढे कुणी बुडवले तर राग येणारच. येशूला दोन-चार दिनारांचे देणे दाखवता आले असते, पण त्याने तसे केले नाही. मला वाटते, क्षमेची सुरुवात इथूनच होते. आपले किती गेले ते आधी नीट मांडायचे, मग वसुलीचा हक्क सोडायचा की नाही ते ठरवायचे. ‘जाऊ द्या, काही झालंच नाही’ म्हणणारा क्षमा करत नसतो, विषय टाळत असतो. टाळलेला राग मग बांधावर, नाहीतर वाटणीच्या वेळी बरोबर वर येतो.

लक्ष्मीबाई टिळकांनी हिशेब टाळला नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात टिळकांचा तापटपणा, न सांगता घरातून निघून जाणे, सगळे नोंदलेले आहे, काही झाकलेले नाही. तरी पान उलटताना कुठे कडवटपणा लागत नाही. उलट हसू येते.

ग्लॅडिस स्टेन्स यांचे येणे कुठल्याच मापात बसणारे नव्हते. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही मुले गाडीत जाळली गेली. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही. खटला चालला, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप कायम ठेवली.

याच केज तालुक्यात 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. अशा घराला बाहेरच्या कुणी, पाळकाने असो की पुढाऱ्याने, ‘माफ करा’ म्हणणे हा दुसऱ्याचे येणे आपण सोडून देण्याचा प्रकार आहे. स्टेन्सबाईंचा दाखलाही तिथे देऊ नये. त्या स्वतःपुरत्या बोलल्या होत्या. शेजाऱ्याने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, कोर्टाच्या तारखेला सोबत जावे. क्षमेचा विषय त्या घरानेच काढला तर ऐकून घ्यावे.