आभार कुणी कुणाचे मानायचे?

गुलामाची बेडी तोडणाऱ्याचे गुलामाने आभार मानावेत काय? आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. उत्तरच आधी तोंडावर फेकलं जातं : तुम्हाला एवढं दिलं, तरी तुमचं रडगाणं चालूच! म्हणून हा प्रश्न मी अमेरिकेच्या यादवी युद्धापाशी नेऊन घासून बघतो आहे. तिथं त्याचा हिशेब कागदोपत्री आहे.

युद्ध १८६१ ते १८६५. चाळीस लाख माणसं दुसऱ्याच्या मालकीची. शाळेतली पुस्तकं सांगतात, लिंकनने गुलामांना मुक्त केलं. वाक्याची गंमत बघा. कर्ता लिंकन, कर्म गुलाम. गुलामाने स्वतः जणू काही केलंच नाही. प्रत्यक्षात युद्ध पेटताच गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे पळत सुटले होते. पुढे सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या फौजेतून लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असला पगार घ्यायचंच नाकारलं. फुकट लढले, पण कमी माणूस म्हणून पैसे घेतले नाहीत. १८६४ साली सरकारला नमावं लागलं.

आता हिशेब. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामी कायद्याने संपली. भरपाईही दिली गेली. कुणाला? मालकांना! माणशी ३०० डॉलरपर्यंत. ज्याच्या पाठीवर वळ होते त्याला काय? देश सोडून जाणार असशील तर १०० डॉलरपर्यंत मिळतील, म्हणे. म्हणजे कायद्याच्या लेखी नुकसान झालं ते मालकाचं. माझ्या मते सगळा नैतिक घोळ इथंच आहे. लुटला कोण गेला हेच ज्या कायद्याला उलटं दिसतं, तो मुक्ती देतानाही उपकाराच्याच भाषेत देणार.

जानेवारी १८६५. सॅव्हाना शहर. जनरल शर्मन यांनी २० काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून त्यांचं म्हणणं विचारलं. सगळ्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. स्वतःला आणि बायकोला १,००० डॉलर मोजून त्यांनी सोडवून घेतलं होतं. ते म्हणाले, जमीन द्या. आमच्या घामाने कसू आणि पुढे विकत घेऊ. चार दिवसांनी हुकूम निघाला : किनारपट्टीची जमीन, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसं तिथं नांदू लागली. एप्रिलात लिंकनचा खून झाला. नव्या अध्यक्षाने, जॉन्सनने, बंडखोर मालकांना माफी दिली आणि बहुतेक जमिनी त्यांच्या घशात परत घातल्या.

ऑक्टोबरात जनरल हॉवर्ड ही बातमी सांगायला एडिस्टो बेटावर गेले. मालकांना क्षमा करा, म्हणाले. बेटावरच्या लोकांनी लेखी उत्तर दिलं. त्याचा मतलब असा : साहेब, युद्धात तुमचा उजवा हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा कराल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला-बहिणीला फोडून काढलं आणि आजही जमीन माझ्या हाती लागू देत नाही, त्याला मी कशी क्षमा करू?

हे पत्र मला नीतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मोठं वाटतं. क्षमा काय, आभार काय, ही बरोबरीच्या माणसाने करायची कामं. ज्याची चूल उद्या दुसऱ्याच्या मर्जीवर पेटणार, त्याच्या तोंडची क्षमा म्हणजे भीती. आणि आभार म्हणजे जोहार!

१८७६ साली वॉशिंग्टनमध्ये लिंकनचा पुतळा उभा राहिला. पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी घातले. पहिले ५ डॉलर शार्लट स्कॉट ह्या बाईचे. पण पुतळा कसा असावा हे त्यांच्या हातात नव्हतं. लिंकन उभा, काळा माणूस गुडघ्यावर. त्या समारंभात फ्रेडरिक डग्लस बोलले. लिंकनला मान दिला, आणि गोऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही त्याची लेकरं, आम्ही फार तर सावत्र. हिशेब न सोडता कृतज्ञ राहता येतं, ते असं.

१८७७ मध्ये दक्षिणेतलं उरलंसुरलं लष्कर बराकीत परतलं आणि पुनर्रचना गुंडाळली गेली. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने १८७५ च्या नागरी हक्क कायद्याचा गाभाच उडवला. निकालात न्यायमूर्ती ब्रॅडली यांचं म्हणणं, ह्या माणसाने कायद्याचं खास लाडकं असणं कधीतरी थांबवलं पाहिजे. गुलामी संपून उणीपुरी १८ वर्षं! ओळखीचं वाटतं ना? 'किती दिवस सवलती घेणार?' ते हेच.

जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना. त्याच वर्षी एप्रिलात लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीने कमीत कमी ६० काळ्यांना ठार मारलं, त्यात शरण आलेलेही होते. दोषी ठरलेलेही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयातून सुटले. ह्यावरून कुणी जोतिरावांना भोळं ठरवील. मला ते पटत नाही. इथल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही मागणी त्याच अर्पणात आहे. ते बरोबरीने आभार मानत होते आणि त्याच दमात येणं मागत होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत इशारा दिला : राजकारणात समता आणि जगण्यात विषमता, हा विरोधाभास फार काळ टिकायचा नाही. अमेरिकेत मत मिळालं, जमीन नाही मिळाली. मग मतही हिसकावलं गेलं.

तर दोस्तहो, माझं उत्तर हे. गुलामी संपवायला ज्यांनी जीव दिला त्यांचे आभार मानू, गोरे असोत की काळे. पण आभाराने देणं फिटत नाही. घेतलेलं परत करणाऱ्याला दाता म्हणत नाहीत. आणि अर्धंमुर्धं परत करून वर आभार मागणाऱ्याला काय म्हणतात, ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा.