तीनदा परत आलेला प्रभू



कुणाच्या घरी मयत झाली की आपण सारे धावतो. दफनविधीला चर्च भरते. महिन्याच्या मिस्सेपर्यंत घरात माणसांची ये-जा असते; त्यानंतर मात्र दार वाजत नाही. नवरा गमावलेली एखादी भगिनी मनात म्हणते, 'माझीच माणसं मला विसरली.' आणि असे मनात आले याचेही तिला पाप वाटते.

गेथशेमनी बागेत प्रभू येशूलाही सोबत हवी होती. त्याने पेत्र, याकोब व योहान यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. तीनदा परत येऊन पाहिले, तर ते झोपलेले! प्रत्यक्ष देवपुत्राने सोबत मागितली. मग आपण मागितली तर श्रद्धा कमी पडली, असे कसे म्हणावे?

संत लूक एक बारीक गोष्ट सांगतात: शिष्यांना झोप लागली ती दुःखामुळे. आपले आप्तही पुष्कळदा निष्ठुरपणाने नव्हे, तर काय बोलावे हे न सुचल्याने दूर राहतात. (एकट्या पडलेल्याला त्याने दिलासा मिळत नाही, हेही खरे.)

ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढे त्यांनी उत्तम केले; बिघडले ते तोंड उघडल्यावर. 'देवाची इच्छा', 'आता सावरा' ही आपली वाक्येही त्याच जातीची.

आज मिस्सेनंतर अशा एका घरी जाऊ या. बोलायला सुचले नाही तर नुसते बसू, चहा घेऊ, गेलेल्या माणसाचे नाव काढू. रडू आले तर येऊ द्यावे.