शत्रुप्रेम आणि अलिप्तता

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत येशु शत्रूवर प्रीति करावयास सांगतो, आणि कारण देतो तें असें कीं, परमेश्वराचा सूर्य सज्जन-दुर्जनांची निवड करून उगवत नाहीं. इकडे पौल करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत बजावतो कीं, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर एका जोखडांत जुंपून घेऊं नये, त्यांच्यामधून निघून वेगळें व्हावें. ज्याच्यापासून वेगळें व्हावयाचें त्याच्यावरच प्रेम करावयाचें, हें साधावें कसें?

सोपीं उत्तरें दोन आहेत आणि दोन्हीं टाकाऊ आहेत. प्रेम मनांत ठेवून व्यवहार तोडावा, हें एक. असलें प्रेम कोणास दिसत नाहीं आणि, माझ्या मतें, बहुधा नसतेंही. प्रेमापुढें अलिप्ततेची मातब्बरी ती काय, असें म्हणून कुंपणच काढून टाकावें, हें दुसरें. पण मग शत्रूच्या अन्यायांत आपणही भागीदार होतों.

हा पेंच ग्रंथांत न सोडवितां आचरणांत सोडवूं पाहणारा एक पंथ सोळाव्या शतकांत स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी व नेदर्लंड्स येथें उदयास आला. जाणत्या वयांतच बाप्तिस्मा घ्यावा असें मानणाऱ्या या लोकांस विरोधक पुनर्बाप्तिस्मावादी म्हणत. १५२७ च्या फेब्रुवारींत श्लाइटहाइम या गांवीं त्यांनीं सात कलमें ठरविलीं. जगापासून विभक्त राहावें हें त्यांतलें एक, आणि तलवार हातीं धरूं नये हें दुसरें. शत्रूस मारून टिकणारी सत्ता हेंच त्यांच्या दृष्टीनें ‘जग’ असल्यामुळें तलवार टाकणें ही विभक्तताही होती आणि शत्रुप्रेमही.

या विचाराची कसोटी १५६९ सालीं नेदर्लंड्समधील आस्पेरेन येथें लागली. डर्क विलेम्स नांवाचा या पंथाचा एक मनुष्य कैदेंतून पळाला. गोठलेल्या पाण्यावरून तो पार गेला. पण पाठलाग करणाऱ्याच्या पायांखालचें बर्फ फुटलें. डर्क माघारीं फिरला, बुडणाऱ्यास त्यानें ओढून बाहेर काढलें, आणि त्यामुळेंच पकडला जाऊन १६ मे रोजीं तो जिवंत जाळला गेला. व्यवहारी वाचक यास वेडेपणा म्हणेल, आणि मीही तसें करण्याची छाती आपणांत आहे असें म्हणणार नाहीं. पण डर्कची अलिप्तता पाठलाग करणाऱ्याच्या कामापासून होती, त्याच्या जिवापासून नव्हती. तो तसाच पुढें पळाला असता, तर विभक्तता म्हणून त्यानें काय जपलें असतें?

परका शत्रु मात्र एका अर्थानें सोपा असतो. त्याच्याकडून आपली कांहीं अपेक्षाच नसते. खरी अडचण आपल्या माणसाची. १६९३ सालीं याकोब आमान यानें आग्रह धरला कीं, मंडळींतून काढलेल्या मनुष्याबरोबर जेवणही घेऊं नये. त्यावरून फूट पडून अमिश पंथ निघाला. वाळींत टाकणें हा शब्द आपणांस अपरिचित नाहीं. पौलाच्या पहिल्या पत्राचा यास आधार आहे, कारण तेथें तो बाहेरच्या पाप्यांविषयीं नव्हे, तर बंधु म्हणविणाऱ्या पाप्याविषयीं बोलतो. परंतु थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत अशाला शत्रु न मानतां बंधु समजून बोध करावा, असाही इशारा आहे. तो इशारा कितीजण पाळतात?

२ ऑक्टोबर २००६ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील निकेल माइन्स येथें एका इसमानें अमिश शाळेंत शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. त्यांतील पांच मृत्यु पावल्या, आणि त्यानें स्वतःसही संपविलें. अमिश लोक त्याच्या विधवेचें सांत्वन करण्यास गेले, त्याच्या दफनासही हजर राहिले. साऱ्या जगानें आश्चर्य केलें, तें योग्यच होतें. तथापि याच लोकांत बाप्तिस्मा घेऊन पुढें पंथ सोडणाऱ्या मुलास आईबापांच्या पंक्तीस बसतां येत नाहीं. ते म्हणतात, हेंही प्रेमच, त्याला परत आणण्यासाठीं. मी यास ढोंग म्हणत नाहीं. पण खुन्याच्या घरीं जाणारे पाय पोटच्या पोराजवळ अडखळावे, हें मला उलगडत नाहीं. कांहीं घरांत यावर एक युक्ति योजिलेली आढळते. दोन मेजें बोटभर अंतर ठेवून मांडतात, वाळींत पडलेला दुसऱ्या मेजावर जेवतो, आणि दोहोंवर मिळून एकच कापड अंथरलेलें असतें.