पाटी बदलली की लीग बंद पडली?

क्यूबेक शहरातला कॅपिटाल्स हा बेसबॉल संघ १९९९पासून एकाच मैदानावर खेळतोय. लीग मात्र बदलत गेल्या. आधी नॉर्दर्न, २००३मध्ये नॉर्थईस्ट, २००५मध्ये कॅन-ॲम, आणि २०१९च्या विलीनीकरणानंतर फ्रंटियर. मेजर लीगशी संलग्न नसलेल्या या स्वतंत्र लीगचं असंच चालतं.

मग यातली कुठली लीग 'बंद पडली' म्हणायची?

२००५चं सोपं आहे. नॉर्थईस्टने नुसतं नाव बदललं. आम्ही प्रोग्रामर रिपॉझिटरीचं नाव बदलतो तेव्हा जुनी लिंक आपोआप नव्या नावाकडे जाते. कुणी सुतक पाळत नाही.

२०१९ला मी अडकतो. कॅन-ॲमचे पाच संघ फ्रंटियरमध्ये गेले. पुढे २०२१मध्ये तिथल्या एका गटाला कॅन-ॲम हेच नाव मिळालं. क्यूबेकच्या प्रेक्षकाला वाटेल, पाटीच तर बदलली. पण ऑटवाचा चॅम्पियन्स, २०१६चा कॅन-ॲम विजेता, बाहेर राहिला.

कुणी म्हणेल, संघ तर येतात-जातात. खरंय. पण एरवी संघ गेला तरी लीग मागे असते, तिच्याशी भांडता येतं. इथे ऑटवाने कॅन-ॲमचं दार ठोठावायचं म्हटलं, तर दारच उरलं नव्हतं. म्हणून माझ्या लेखी कॅन-ॲम २०१९मध्ये संपली, तिचे पाच संघ धडधाकट असले तरी.

२०२२पासून ऑटवाच्या त्याच स्टेडियममध्ये फ्रंटियरचा टायटन्स खेळतोय. नवा संघ. २०१६चं विजेतेपद त्याचं नाही.