एक रुपयाचा दवाखाना, दहा लाखांची योजना

आंध्र प्रदेशाचे दिवंगत मुख्यमंत्री डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं नाव निघालं की हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळींत लगेच दोन तट पडतात. यंदा त्यात भर पडली ती एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या भाषणाची. ते स्वतः सर्जन आहेत, वाचन दांडगं, बोलणं ठाम. त्यांचा सिद्धांत असा, की पुलिवेंदुलातला एक रुपयाचा दवाखाना आणि पुढची आरोग्यश्री योजना या मुळात एकच गोष्ट आहेत. खेड्यातला डॉक्टर मुख्यमंत्री झाला आणि त्याने आपला दवाखाना राज्याएवढा मोठा केला. सभागृहात टाळ्या पडल्या. मला हा सिद्धांत मान्य नाही, आणि तो खोडून काढणं मी आवश्यक समजतो. कारण याच समजुतीवर आज महाराष्ट्रासकट अनेक राज्यांचं आरोग्यधोरण उभं आहे.

माणूस खराखुरा डॉक्टर होता, यात वाद नाही. जन्म १९४९ चा, कडप्पा जिल्ह्यातला. एमबीबीएस सोलापूरच्या शेजारच्या गुलबर्ग्यात, महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालयातून. जम्मलमडुगूच्या मिशन हॉस्पिटलात काही काळ नोकरी केली आणि १९७३ मध्ये पुलिवेंदुलात वडिलांच्या नावाने सत्तर खाटांचं धर्मादाय रुग्णालय काढलं. रायलसीमेचा तो दुष्काळी, कोरडा मुलूख. तिथे एक रुपया घेऊन तपासणारा डॉक्टर लोकांच्या घरातलाच झाला. १९७८ मध्ये, तिशीही उलटली नव्हती तेव्हा ते आमदार झाले. पुढची पंचवीस वर्षं बहुतेक पक्षांतर्गत झुंजीत आणि विरोधी बाकांवर गेली. २००३ च्या उन्हाळ्यात चेवेळ्याहून इच्छापुरमपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर ते पायी चालले आणि १४ मे २००४ ला मुख्यमंत्री झाले. पहिली सही शेतकऱ्यांच्या मोफत विजेवर. २ सप्टेंबर २००९ ला नल्लमलाच्या जंगलात हेलिकॉप्टर कोसळून ते गेले. त्यांच्या काळातल्या जमीन आणि खाण व्यवहारांवर गंभीर आरोप झाले. ते मी विसरलेलो नाही, पण आजचा विषय तो नव्हे.

एक रुपयाच्या दवाखान्यात कोण येतं? ताप, जुलाब, खरूज, विंचवाचा दंश, पोटुशी बाई, खोकणारा म्हातारा. येणाऱ्याला आजाराचं नाव माहीत नसतं, ते शोधणं हेच डॉक्टरचं काम. आरोग्यश्रीची रचना याच्या नेमकी उलट आहे. १ एप्रिल २००७ ला महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि वर्ष-सव्वा वर्षात राज्यभर पोचली. पांढरं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, भाजणं अशा ठरावीक यादीतल्या उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पैसे भरावे लागत नाहीत, बिल परस्पर चुकतं होतं. यादीत नाव असलेला आजार घेऊनच तुम्ही दारात उभं राहायचं. साध्या तापाला तिथे जागा नाही.

ताप कुठे जातो, ते नल्लकुंट्यात राहणाऱ्याला विचारावं. आमच्या वस्तीतलं फीव्हर हॉस्पिटल, जुन्या लोकांचा कोरंटी दवाखाना, निजामाच्या काळात साथीच्या रोग्यांसाठी उभा राहिला. आज त्याला रोनाल्ड रॉसचं नाव आहे. १८९७ मध्ये याच शहराच्या जुळ्या भावाने, सिकंदराबादने, रॉसला डासाच्या पोटातला मलेरिया दाखवला. पावसाळा सुरू झाला की इथली रांग फाटकाबाहेर येते. डेंग्यू, जुलाब, विषमज्वर, कुत्रा चावलेले, आणि घटसर्प. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत घटसर्प हा शब्द आता आजीच्या तोंडीच उरला असेल. इथे तो मुलांच्या घशात दिसतो. टॉन्सिलवर राखाडी पडदा धरतो, खरवडला तर रक्त येतं, मान दोन्ही बाजूंनी सुजते, श्वास कोंडतो. अँटिटॉक्सिन वेळेवर मिळालं तर मूल वाचतं. बाळपणी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना लस, मग दीड-दोन वर्षांना आणि पुन्हा पाचव्या-सहाव्या वर्षी बूस्टर, एवढं झालं तर बहुतेक मुलांवर ही पाळी येत नाही. पोटासाठी गावं बदलणाऱ्या कुटुंबांत नेमका बूस्टरच राहून जातो. त्यावर कुठलीही शस्त्रक्रिया नाही, पॅकेज नाही, आणि म्हणून फलकावर कुणाचा फोटोही नाही.

इथे मला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्खोची आठवण येते, आणि त्याच्यासाठी थोडी जास्त जागा घेणार आहे. आमच्या सर्जन स्नेह्यांनीही भाषणात त्याचंच नाव घेतलं होतं. राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं वैद्यक, हा त्याचा विचार सगळ्या डॉक्टर-पुढाऱ्यांना आवडतो. पण तो आला कुठून? १८४८ च्या फेब्रुवारीत अप्पर सायलेशियात टायफसची साथ पसरली. प्रशियन सरकारने सव्वीस वर्षांच्या या तरुण डॉक्टरला पाहणीला पाठवलं. जेमतेम तीन आठवडे तिथे राहून त्याने जो अहवाल दिला, त्यात औषधांपेक्षा भूक, ओली घरं, जमीनदार, निरक्षरता, सरकारी बेपर्वाई यांचीच चर्चा होती. त्याने मागितलं काय? शाळा, रस्ते, स्वशासन, आणि पोलिश बोलणाऱ्या लोकांसाठी त्यांच्या भाषेत कारभार. सरकारला हे झोंबलं. वर्षभरात बर्लिनमधली जागा सोडून त्याला वुर्झबुर्गला जावं लागलं. परतल्यावर तो बर्लिनच्या नगरपालिकेत गेला, मग प्रशियाच्या विधिमंडळात. लष्करी खर्चावरून बिस्मार्कशी इतका भिडला, की १८६५ मध्ये बिस्मार्कने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. आणि नगरपालिकेत अनेक वर्षं हा जगविख्यात विकृतिशास्त्रज्ञ कशासाठी झगडला? गटारांसाठी. बर्लिनची भुयारी गटारव्यवस्था झाली, त्यामागे अभियंता होब्रेख्टइतकाच विर्खोही आहे.

ज्याला विर्खोचं नाव घ्यायचं असेल, त्याने ही गटारंही घ्यावीत. डॉक्टरची सवय असते समोरच्या रोग्याकडे पाहण्याची. विर्खोने ती मोडली आणि रोगी ज्या वाटेने आला त्या वाटेकडे पाहिलं. राजशेखर रेड्डींना ती मोडता आली नाही. मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसूनही ते समोरच्या एकेका रोग्यालाच पाहत राहिले.

इतकं लिहिल्यावर मला थांबून दुसरी बाजू मांडलीच पाहिजे, कारण ती माझ्या मुद्द्यापेक्षा हलकी नाही. आरोग्यश्रीच्या आधी गरिबाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळत, पण ते मुख्यमंत्री निधीतून. त्यासाठी आमदाराचं पत्र, सचिवालयाच्या खेपा, ओळखीचा माणूस. ज्याला ओळख नाही त्याचं मूल झडपेच्या दोषाने मरायचं. योजनेने हा अर्ज हक्कात बदलला. महबूबनगरचा शेतमजूर आपलं रेशनकार्ड पुढे करून पंचतारांकित रुग्णालयाच्या काउंटरवर उभा राहिला, आणि त्याला कुणाचे पाय धरावे लागले नाहीत. शिवाय सावकाराच्या कर्जात आजारपणाचा वाटा किती असतो हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. त्याच काळात २००५ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. सर्पदंशाच्या आणि अडलेल्या बाळंतपणाच्या वेळी तिचं मोल काय, हे खेड्यात कुणालाही विचारा. समोरच्या रोग्याकडे पाहण्याची ती सवय नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

तरीही हिशेब मांडावा लागतो. हैदराबादच्याच अभ्यासक राजन शुक्ला, वीणा शत्रुघ्न आणि आर. श्रीवत्सन यांनी २०११ मध्ये तो मांडला: आरोग्याच्या अंदाजपत्रकाचा सुमारे पाव हिस्सा या योजनेवर, आणि त्यातून भागतो एकूण आजारभाराचा जेमतेम २ टक्के. वीणाताई राष्ट्रीय पोषण संस्थेत आयुष्य घालवलेल्या डॉक्टर. त्यांना गरिबांचा शत्रू कुणी म्हणणार नाही. हे पैसे वळले खासगी रुग्णालयांकडे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की सरकारला त्यांवर लगाम घालावा लागला. हक्क दिला तो बरोबर. पण हक्क फक्त शस्त्रक्रियेचा दिला, पाण्याचा नाही, लशीचा नाही, जवळच्या डॉक्टरचा नाही. आरोग्यश्रीच्या धर्तीवर महाराष्ट्राने २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आणली, पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं, आणि हाच तोल तसाच उचलला.

म्हणून स्नेह्यांना माझं उत्तर असं: पुलिवेंदुलाचा दवाखाना राज्याएवढा झालाच नाही. तो झाला असता तर प्रत्येक मंडलात तापाचा रोगी तपासणारा, पगार वेळेवर मिळणारा डॉक्टर बसला असता. हैदराबादेत त्या वाटेने पहिलं पाऊल पडलं ते बस्ती दवाखान्यांचं, २०१८ मध्ये, आणि तेही दुसऱ्या पक्षाच्या राज्यात. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाच्या नव्या सरकारने आरोग्यश्रीची मर्यादा दहा लाखांवर नेली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी होती. घटसर्पाचा बूस्टर किती मुलांना मिळाला, हा आकडा तिथे कधीच नसतो. या शहराला १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर उस्मानसागर आणि भुयारी गटारं मिळाली, ती विश्वेश्वरय्यांमुळे. हैदराबादचा विर्खो इंजिनिअर होता. पुढच्या निवडणुकीत डॉक्टर उमेदवार मत मागायला आला, तर मी त्याला योजनेची रक्कम विचारणार नाही. नल्लकुंट्याच्या नाल्याचं काय करणार आणि लसीकरणाच्या नर्सची रिकामी जागा कधी भरणार, एवढंच विचारणार आहे.