सुटी की ड्युटी?

कारखान्यावरचा चित्रपट म्हटला की यंत्रं धडधडली पाहिजेत, निदान कुणाच्या तरी कपाळावर घाम हवा. पण ल्युमिए बंधूंनी १८९५ साली ल्यों शहरातल्या आपल्याच कारखान्याचं चित्रण केलं, त्यात कामाचा पत्ताच नाही! दार उघडतं, बायका-पुरुष बाहेर पडतात, एक कुत्रा मध्येमध्ये बागडतो; मिनिटाच्या आत खेळ खलास. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लोकांनी रुपया मोजून जे पाहिलं, त्यात हेही होतं. दुसऱ्याची सुटी बघायला पैसे पडतात, ते तेव्हापासून!

कुणी म्हणेल, बरोबरच आहे; आत असतो तो नोकर, बाहेर पडतो तो माणूस. पण या चित्रणाच्या ३ आवृत्त्या आहेत. म्हणजे मंडळी मालकाच्या कॅमेऱ्यापुढे निदान ३ वेळा सुटली. आता हुकमानं घरी जाणं, ही सुटी की ड्युटी?

उलट १९०४ मध्ये बिली बिट्झरचा कॅमेरा अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या कारखान्यात थेट आत शिरला. अजस्र यंत्रांपुढे माणसं मुंग्यांएवढी. पण एका लघुपटात बायका आर्मेचरवर तार गुंडाळताहेत. तार कंपनीची, वेळ कंपनीची, डोक्यावरचं छप्परही कंपनीचं. बोटांतली सफाई मात्र त्यांची त्यांनी कमावलेली!

तेव्हा माणूस दाराबाहेरच भेटतो, असं काही नाही बुवा. भोंगा व्हायच्या आतही भेटतो. बघणाऱ्यानं यंत्रावरची नजर तेवढी काढायला हवी.