चूक कुणाच्या नावे?

मी बी. कॉम. आहे. प्रत्येक नावेच्या नोंदीसमोर एक जमेची नोंद असते, एवढं तत्त्वज्ञान मला आजवर पुरलं. फॉर्म चुकला की ती चूक गिऱ्हाइकाच्या नावे टाकायची आणि पुढचा नंबर पुकारायचा. वीस वर्षांत कुठल्या ऑडिटरला यात काही खटकलं नाही. खटकलं ते माझ्या भाचीला.

ही भाची पवईच्या आय. आय. टी.त डिझाइन शिकते. कपड्यांचं नव्हे, हे मी आमच्या ताईलाही अजून समजावतोच आहे. बटण कुठे असावं, रकाना केवढा असावा, आणि तेही बनवणाऱ्याच्या नव्हे तर वापरणाऱ्याच्या सोयीनं. यासाठी कॉलेज लागतं हे ऐकून मी हसलो, तेव्हा तिनं विचारलं, "मामा, बऱ्याच एटीएममध्ये कार्ड आधी आणि नोटा नंतर का येतात?"

"बँकेची मर्जी!"

तर तसं नाही. नोटा आधी दिल्या की माणसाच्या लेखी काम संपलं. तो खिसा भरून चालू लागतो आणि कार्ड मशीनमध्येच राहतं. तेव्हा माणूस विसरणारच, असं धरून मशीन बनवायचं. डॉन नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकानं १९८८ साली यावर पुस्तकच लिहिलं. ढकलायचं दार तुम्ही ओढलंत तर चूक दाराची, असं त्याचं म्हणणं. मला फार बरं वाटलं. आमच्या घरात अशा चुका आजवर माझ्याच असत.

पण पुढच्याच रविवारी भाचीला कॉलेजचा अभ्यास म्हणून कुणालातरी फॉर्म भरताना पाहायचं होतं. तिनं वरच्या मजल्यावरच्या आजींना बोलावलं आणि पैसे काढायची स्लिप पुढे ठेवली. "आजी, परीक्षा स्लिपची आहे, तुमची नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोला." आणि मला म्हणाली, "मामा, तू अवाक्षर काढायचं नाहीस."

आजींनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. "दिनांक... आजचा की जन्माचा? खाते क्रमांक... चौकोन जास्त आहेत, की माझा नंबर कमी आहे?" मग पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आताशा मला काही जमत नाही हो. मागे काउंटरवरही तुम्हाला त्रास दिला."

मागे काउंटरवर, सगळ्या रांगेदेखत, "आजी, वाचता येतं ना?" असं मी म्हटलं होतं. तेव्हा मला कुणी गप्प बसवलं नव्हतं.

आजी गेल्यावर मी वाद घातला. उद्या माझ्या कॅशमध्ये शंभर कमी आले तर ड्रॉवरची चूक म्हणू का? सगळंच वस्तूच्या नावे टाकलं तर माणसाकडे जबाबदारी म्हणून उरलं काय?

"पैसे तू मोजायचेच," ती म्हणाली. "पण या चौकोनात लोक चुकतात हे तुला माहीत होतं?"

"रोज चुकतात."

"मग वर कळवलंस कधी?"

स्लिप मी छापलेली नाही, हे खरं. पण छापणारे मुंबईच्या हेड ऑफिसात. चुकणारी माणसं रोज बघत होतो मी.

सोमवारी कळवलं. सूचना पाठवायचाही एक छापील फॉर्म असतो. तो कालच परत आला. दिनांकाच्या चौकोनात मी नोकरीला लागल्याची तारीख घातली होती.